अंबाडी

पोदेराच्या कागदी पिशवीत, दोन उंड्यांच्या मधे
तिने पान दडवून आणलं होतं.
उंडे अजून ऊन, पान घामेजलेलं.
'अंबाडीचं आहे,' आक्विना म्हणाली,
आणि माझ्या भिंतीवरल्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

एकतीस वर्षं म्हापशाच्या शेती कचेरीत
मी लोकांची आजारी पानं पाहिली:
मिरचीचा बोकड्या, सुपारीचा कोळेरोग,
आणि एकदा भाटकाराने दटावून आणवलेलं
गुलाबाचं एक साधं पिकलं पान.
अंबाडीला असा वास येत नसतो, हे मला कळतं.
सरकारी तक्त्यात या पिकाला रकाना नव्हता.
निवृत्त माणसाच्या टेबलावर मात्र
कुठलंही पान ठेवता येतं.

चष्मा पुसला. भिंग घेतलं.
या जातीला सात बोटं असतात, कधी नऊ,
कडेला करवतीचे दाते.
ह्याला एकच.
कड गुळगुळीत, टोकाशी पीळ,
जणू हात विसरून गेलाय
की आपण हात आहोत.

'वरची सगळी अशीच?'
'खालची बरी आहेत. तुरे आले होते.
मग तुऱ्यांतूनच ही फुटायला लागली.'
अंबाडीशी तिची ओळख जुनी दिसत होती.

पान उलटं केलं. कोळी नाही, जाळं नाही, मावा नाही.
शिरांमधे पिवळेपणा नाही, म्हणजे पोट भरलेलं.
'पाणी खारं?'
'विहिरीचं.'
'युरिया?'
'शेण. शेजारच्या म्हशीचं.'
'औषध कुणी मारलं?'
'औषधं सगळी मिंगेलला,' ती म्हणाली. 'झाडाला नाही.'

असा मिंगेल बोलण्यात आला.
धाकटा भाऊ. अकरा वर्षं तारवावर,
बोटीच्या पोटात, इंजिनाला खेटून.
एका रात्री तिथले दिवे गेले.
पुढचं तो सांगत नाही.
घरी आला तो कंबरेचं दुखणं घेऊन,
गोळ्यांचा डबा घेऊन,
आणि कुठून तरी चिमूटभर बी.

'रात्री उजेड असतो का झाडापाशी?'
तिने पिशवीची घडी घातली,
उलगडली, पुन्हा घातली.
बल्ब. मागच्या दारी, न्हाणीवर.
पावसाळा सरल्यापासून एकदाही विझलेला नाही.

तर असं होतं, मी सांगितलं.
झाड रात्रींची लांबी मोजतं, एकेक, मुकाट्याने.
रात्र पुरेशी वाढली की फुलायला घेतं.
तेवढ्यात कुणी रात्रच काढून नेली
तर म्हातारपणाला निघालेलं ते
अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतं,
आणि बी फुटताना काढलं होतं तसलं
अडाणी, एकबोटी पान काढतं.
रोगाच्या रकान्यात लिहायचं तर: जागरण.

चिठ्ठीवर सवयीने पिकाचं नाव घातलं: अंबाडी.
उपाय: काळोख. दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत. रोज.
तिने उभ्याउभ्या वाचलं.
'बल्ब काढला तर तो ओरडतो, सायबा.'

त्यावर माझ्या पेटीत काही नव्हतं.
फी म्हणून उंडे ठेवून गेली.
कुणाला कळवायला हवं होतं का?
हवं असेल.
कार्बन प्रत मी काढली नाही.

नाताळच्या आधी हळदोण्याहून परतताना
उशीर झाला, आणि मी उगाच
स्कूटर त्यांच्या मागच्या वाटेला घातली.
बल्ब जळत होता.
त्याखाली स्टुलावर, बनियनवर,
एक माणूस ताट मांडीवर घेऊन
मध्यरात्री लसूण सोलत बसलेला.
आणि दोणीच्या पलीकडे, उजेडाच्या काठावर
कमरेएवढं काहीतरी
काळा झगा घालून उभं.
कुणा विधवेचा असावा, वर्षानुवर्षं धुतलेला,
गळ्यापर्यंत बटणं नीट लावलेली.
वाऱ्याने एक बाही हलली.

पानं मोजायला मी थांबलो नाही.